वाहनझडती
पोलिसांनी रस्त्यावर अडवलेल्या वाहनाची घेतलेली झडती. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि बोरघाटाकडे जाणारा जुना महामार्ग हे दोन्ही खालापूर तालुक्यातून जातात आणि कर्जतहून मुरबाडकडे वाट फुटते; साहजिकच रायगडच्या या टापूत नाकाबंदी, म्हणजे रस्ता रोखून केलेली तपासणी, वाहनचालकांच्या परिचयाची आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 130नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी चालकाकडे परवाना मागू शकतो, परंतु कागदपत्रे पाहण्याचा हा अधिकार डिकी उघडण्यापर्यंत आपोआप पोचत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 185नुसार तपासात विनावॉरंट झडती घेताना अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावी लागतात व झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. अमली पदार्थांच्या संशयात अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी अशी मागणी करता येते. मात्र हातातल्या पिशवीला हे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005मध्ये ठरवले. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते. नियमांची खरी कमजोरी अन्यत्र आहे : पूरनमल खटल्याच्या 1973च्या निकालानुसार झडती बेकायदा ठरली, तरी तीत सापडलेला पुरावा केवळ तेवढ्यामुळे बाद होत नाही.