बडोद्याच्या कारकिर्दी जोडताना

बडोदा संस्थानाच्या कारकिर्दी मी दोन तक्त्यांत ठेवल्या आहेत: एकात राजे, दुसऱ्यात दिवाण. तिसरे सयाजीराव १८७५ ते १९३९, दिवाण टी. माधवराव १८७५ ते १८८२, मनुभाई मेहता १९१६ ते १९२७.

नोंदींत खंड आहे का, हे पाहायला दोन्ही तक्ते 'युनियन ऑल'ने एकत्र केले आणि आरंभवर्षाने लावले. क्रम आला सयाजीराव, माधवराव, मेहता. आता फक्त मागची ओळ दाखवणारं 'लॅग' वापरलं, तर माधवराव आणि मेहता यांच्यात चौतीस वर्षांची पोकळी दिसते. गादीवर तर सयाजीराव होतेच! म्हणून आधीच्या सगळ्या ओळींतलं सर्वांत उशिराचं अखेरचं वर्ष 'मॅक्स'ने काढावं. नवा आरंभ त्याच्याही पुढे असेल, तरच खरा खंड.

असं केलं की १८७५ ते १९३९ ही एकच सलग पट्टी मिळते. पण सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ रोजी. तोवर ते अल्पवयीन होते आणि कारभार माधवरावांच्या हाती. हे त्या पट्टीत कुठेच दिसत नाही. तेव्हा जोडणी खंड शोधण्यापुरतीच करावी. सत्ता कोणाकडे होती हे विचारायला मूळ ओळी जशाच्या तशा हव्यात.