समुद्रावरची वाफ आणि अवरक्त डोळा



टीव्हीवर ढगांचं ते काळं-पांढरं चित्र लागलं की आमच्या दिंद्रुडात बोलणं पेरणीवर येतंच. अरबी समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री. तरी कोरडवाहू शेतकऱ्याचा जीव त्याच्यावरच टांगलेला! म्हणून त्या चित्रामागचा थोडा इतिहास.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. हेच अवरक्त किरण. पुढे १८५९ पासून जॉन टिंडल यांनी नळीत निरनिराळे वायू भरून प्रयोग केले. ऑक्सिजन आणि नायट्रोजन या किरणांना जवळजवळ अडवत नाहीत, पाण्याची वाफ मात्र शोषून घेते, असं त्यांना आढळलं.

खरी मेख इथेच आहे. उपग्रह समुद्राचं तापमान मोजतो ते या किरणांवरूनच, आणि समुद्रावर तर वाफ दाट! ती खालून येणारे किरण शोषते आणि वरच्या गार हवेतून स्वतःचे, कमी ताकदीचे किरण पाठवते. त्यामुळे समुद्र आहे त्यापेक्षा काही अंशांनी गार दिसतो. ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात वाफेचा अडथळा कमी, म्हणून त्याला 'खिडकी' म्हणतात. पण पावसाळी दमट हवेत तीही धुरकटते.

१९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला. त्यामुळे आपल्याला रात्रीचेही ढग दिसू लागले. १९७२ च्या दुष्काळात अशी सोय कुठली? पण त्याच्यात खिडकीचा पट्टा एकच होता. तेवढ्यावरून वाफेमुळे किती घट आली ते कळेना. यावर शास्त्रज्ञांनी खिडकीचेच दोन भाग केले. ११ मायक्रॉनच्या आसपास वाफ कमी शोषते, १२ च्या आसपास जास्त. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून वाफेचा हिशेब लागतो. अमेरिकेच्या नोआ-७ उपग्रहावर १९८१ पासून हे दोन पट्टे होते; आपल्या इन्सॅट-३डी वर ते २०१३ साली आले.

तरीही १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा वर गेलेल्या सूक्ष्म कणांनी उपग्रहांना पुन्हा फसवलं. म्हणून आजही जहाजं आणि तरंगते बोये यांच्या थर्मामीटरशी ताळा पाहावाच लागतो.

वेधशाळेला नावं ठेवताना एवढं ध्यानात असावं. जी वाफ उपग्रहाच्या आड येते, तीच पुढे आपल्या रानात पाऊस होऊन पडते. ती नको म्हणून कसं चालेल?

असो.