एस्टर व एस्टरीभवन

एस्टर : कार्बॉक्सिलिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून, पाण्याचा एक रेणू बाहेर पडून, तयार होणारा कार्बनी संयुगांचा वर्ग. पिकल्या केळ्याचा वास, खोबरेल तेल, सांधेदुखीवरचे मलम, ॲस्पिरिनची गोळी आणि पॉलिएस्टरची साडी या सर्वांत हाच क्रियात्मक गट आढळतो. एस्टर तयार होण्याच्या अभिक्रियेला एस्टरीभवन म्हणतात. शालेय पुस्तकात ती जेमतेम अर्ध्या पानात उरकली जाते. वास्तविक क्रियात्मक गट, समघटकता, उत्प्रेरक, समतोल आणि बहुवारिके हे सगळे धडे या एका अभिक्रियेत येऊन मिळतात. कार्बनी रसायनशास्त्रातली एकच अभिक्रिया मुळापासून समजून घ्यायची असेल, तर ही घ्यावी.

रचना आणि नाव : एस्टर गटातील मधल्या कार्बनला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दुसरा एकेरी बंधाने जोडलेला असतो. आम्लात या दुसऱ्या ऑक्सिजनवर हायड्रोजन असतो. एस्टरमध्ये त्या हायड्रोजनच्या जागी कार्बनची साखळी येते. बदल एका अणूचा, पण परिणाम मोठा. एथेनॉल 78 °से.ला उकळते, एथेनॉइक आम्ल 118 °से.ला. या दोघांपासून बनणारे एथिल एथेनोएट दोघांपेक्षाही जड आहे. त्याचे रेणुवस्तुमान 88, तर अल्कोहोलचे 46 आणि आम्लाचे 60. तरीही ते 77 °से.लाच उकळते. अल्कोहोल आणि आम्ल यांचे रेणू ऑक्सिजनवरच्या हायड्रोजनमुळे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. एस्टरजवळ तसा हायड्रोजन उरलेलाच नसतो. म्हणून लहान एस्टर चटकन उडतात, आणि उडतात म्हणूनच नाकापर्यंत पोहोचतात.

नाव देताना अल्कोहोलचा भाग आधी आणि आम्लाचा नंतर येतो. मिथेनॉल आणि प्रोपेनॉइक आम्लापासून मिथिल प्रोपेनोएट. एथेनॉल आणि एथेनॉइक आम्लापासून एथिल एथेनोएट, ज्याला कारखान्यात आणि बाजारात अजूनही एथिल ॲसिटेटच म्हणतात. या दोन्ही एस्टरांत कार्बनचे 4, हायड्रोजनचे 8 आणि ऑक्सिजनचे 2 अणू असतात, म्हणजे ते रचना समघटक आहेत. ब्युटेनॉइक आम्लाचे रेणुसूत्रही नेमके हेच. त्याला खवट लोण्याची दुर्गंधी येते. त्याच आम्लाचे एथेनॉलशी एस्टर केले की एथिल ब्युटेनोएट मिळते आणि त्याचा वास अननसासारखा असतो. दुधाच्या मेदात हे आम्ल ग्लिसरॉलशी एस्टररूपाने बांधलेले असते, तोवर त्याचा त्रास होत नाही. लोणी नीट न ठेवल्यास तो बंध तुटतो, आम्ल मोकळे होते आणि वास सुटतो.

प्रयोगशाळेतील कृती : परीक्षानळीत 1 मिलि. एथेनॉल आणि 1 मिलि. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घेऊन त्यात संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब सोडतात. नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात पाचेक मिनिटे उभी ठेवतात आणि मग द्रव 20 ते 50 मिलि. पाण्यात ओततात. नळी थेट बर्नरवर धरायची नाही, कारण एथेनॉल आणि तयार होणारा एस्टर हे दोन्ही ज्वालाग्राही आहेत. शेवटी पाण्यात ओतण्याची पायरी बरेच विद्यार्थी टाळतात आणि मग नळीतून व्हिनेगरचाच वास येतो म्हणून तक्रार करतात. उरलेले आम्ल आणि अल्कोहोल पाण्यात सहज मिसळून जातात. एस्टर पाण्यात फारसे विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते. पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घातला तर शिल्लक आम्लाचा बंदोबस्त होतो आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास स्पष्ट येतो. नळीला थेट नाक लावू नये. हाताने वारा घालून वास घ्यावा.

ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड म्हणजे पाणी जवळजवळ नसलेले एथेनॉइक आम्ल. ते 16.6 °से.ला गोठते. नाशिकला किंवा महाबळेश्वरला थंडीच्या सकाळी कपाटातली बाटली बर्फासारखी घट्ट झालेली दिसली तर माल खराब झाला असे समजू नये. बाटली कोमट पाण्यात ठेवली की आम्ल पुन्हा द्रव होते.

दुहेरी बाण : समीकरण असे लिहितात :

एथेनॉइक आम्ल + एथेनॉल ⇌ एथिल एथेनोएट + पाणी

उत्तरपत्रिकेत यातली चारही नावे बरोबर असतात, बाण मात्र अनेकदा एकेरी काढलेला असतो. हा चुकार बाण म्हणजे अर्धी अभिक्रिया गहाळ होणे होय. एस्टर तयार होत असतानाच तयार झालेले एस्टर पाण्याशी संयोग पावून पुन्हा आम्ल व अल्कोहोल देत असते. दोन्ही वेग सारखे झाले की मिश्रणाचे प्रमाण बदलायचे थांबते; अभिक्रिया मात्र थांबलेली नसते. फ्रान्समध्ये मार्सेलिन बर्थेलो आणि पेआं द सँ-जिल यांनी 1862च्या सुमारास नेमकी हीच अभिक्रिया मोजली. आम्ल आणि अल्कोहोलचा एकेक मोल घेतला, तर कितीही वेळ दिला तरी सुमारे दोन-तृतीयांश मोल एस्टर बनते, त्यापुढे नाही. आणि एस्टर व पाणी यांच्यापासून सुरुवात केली तरी मिश्रण त्याच प्रमाणाशी येऊन ठरते. नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी 1864 मध्ये मांडलेल्या वस्तुमान क्रियेच्या नियमाला या मोजमापांचा मोठा आधार होता.

दोन-तृतीयांश एस्टर म्हणजे समतोल स्थिरांक 4, हे वहीत करून पाहता येते. वर एस्टर आणि पाणी प्रत्येकी दोन-तृतीयांश, खाली आम्ल आणि अल्कोहोल प्रत्येकी एक-तृतीयांश. गुणाकारांचे गुणोत्तर 4 येते. आता हाच स्थिरांक धरून एक मोल आम्लाला तीन मोल अल्कोहोल दिले, तर वर्गसमीकरण सोडवल्यावर सुमारे 0.90 मोल एस्टर मिळते. म्हणजे स्वस्त घटक जास्त घालून महाग घटक जवळजवळ पुरता वापरून घेता येतो. दुसरा मार्ग म्हणजे तयार होणारे पाणी किंवा एस्टर सतत काढून घेणे. कारखान्यांत ऊर्ध्वपातनाने हेच करतात. साखर कारखान्याच्या मळीतून निघणाऱ्या अल्कोहोलवर एथिल ॲसिटेट बनवण्याचा उद्योग महाराष्ट्रात साकरवाडी आणि महाड येथे चालतो. छपाईची शाई, पॅकिंगच्या फिल्मचे चिकटद्रव्य आणि औषधनिर्मिती यांत हा द्रावक लागतो.

सल्फ्युरिक आम्लाचे काम काय, यावर वर्गात नेहमी वाद होतो : उत्प्रेरक की निर्जलीकारक? काही थेंबच घातले असतील तर मुख्यतः उत्प्रेरक. त्याच्या अभावी खोलीच्या तापमानाला ही अभिक्रिया कमालीची रेंगाळते. उत्प्रेरक दोन्ही दिशांचा वेग वाढवतो, त्यामुळे समतोल लवकर येतो, पण त्याची जागा बदलत नाही. आम्लाचे प्रमाण भरपूर ठेवले तर ते पाणी शोषून समतोलही पुढे ढकलते. आम्ल-उत्प्रेरित एस्टरीभवनाची आज रूढ असलेली पद्धत एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांनी 1895 मध्ये वर्णन केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पाण्यातला ऑक्सिजन कोणाचा? : आम्लाने हायड्रोजन दिला आणि अल्कोहोलने हायड्रॉक्सिल गट दिला, म्हणून पाणी झाले, असे बहुतेकांना वाटते. आम्ल-आम्लारी उदासिनीकरणाची सवय झालेली असल्याने ते स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट घडते. आयर्व्हिंग रॉबर्ट्स आणि हॅरल्ड युरी यांनी 1938 मध्ये ऑक्सिजन-18 हा जड समस्थानिक असलेले मिथेनॉल घेऊन त्याची बेंझॉइक आम्लाशी अभिक्रिया केली. जड ऑक्सिजन एस्टरमध्ये सापडला. पाण्यात गेला नव्हता. म्हणजे हायड्रॉक्सिल गट आम्लाचा निघून जातो आणि अल्कोहोल फक्त हायड्रोजन सोडते. सल्फ्युरिक आम्लातील प्रोटॉन कार्बॉक्सिलिक आम्लाच्या दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर बसतो, त्यामुळे मधल्या कार्बनला इलेक्ट्रॉनांची ओढ वाढते, अल्कोहोलचा ऑक्सिजन त्या कार्बनवर येऊन जुळतो आणि मग पाणी सुटते. उदासिनीकरण क्षणात होते आणि एस्टरीभवनाला वेळ व उष्णता लागते, याचे कारणही यातच आहे. तिथे आयन केवळ एकत्र येतात. इथे आधी सहसंयुज बंध तुटावे लागतात.

वास आणि एस्टर : पिकल्या केळ्याच्या वासात 3-मिथिलब्युटिल एथेनोएटचा मोठा वाटा असतो. मधमाशी डंख मारते तेव्हा धोक्याचा इशारा म्हणून हेच संयुग सोडते. दुखण्यावर चोळायच्या मलमांचा उग्र वास बहुतांशी मिथिल सॅलिसिलेटचा. एकाच रेणूत हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिलिक असे दोन्ही गट असले, तर तो रेणू वळून स्वतःशीच एस्टर करू शकतो आणि वलय तयार होते. अशा वलयी एस्टरला लॅक्टोन म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसवर झालेल्या संशोधनात पिकलेल्या फळाच्या खास गंधात लॅक्टोनांचा सहभाग दिसून आला आहे. मात्र सुवास आला की एस्टर, असा नियम करू नये. केवड्याचा मुख्य गंध ईथर वर्गातील संयुगाचा असतो.

मेद, तेल आणि साबण : तेल व तूप हे ग्लिसरॉलचे तिहेरी एस्टर आहेत. ग्लिसरॉलच्या तीन हायड्रॉक्सिल गटांवर तीन मेदाम्ले बसलेली असतात. खोबरेल तेलात जवळपास निम्मा वाटा 12 कार्बनांच्या लॉरिक आम्लाचा असतो, तर शेंगदाणा तेलात 18 कार्बनांच्या आम्लांचे प्राबल्य असते. तेलापासून वनस्पती तूप करताना निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन जोडतात, तेव्हा कार्बन-कार्बन दुहेरी बंधांवर समावेशन होते. एस्टर गटाला धक्का लागत नाही. या दोन गोष्टींची गल्लत परीक्षेत हमखास होते.

तेल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाबरोबर तापवले की एस्टर बंध तुटून ग्लिसरॉल आणि मेदाम्लांचे सोडियम क्षार मिळतात. हेच साबण, आणि ही अभिक्रिया साबणीकरण. एस्टरीभवनाच्या उलट दिशेची ही वाट असली तरी इथे बाण एकेरी काढतात आणि तो बरोबर आहे. तयार झालेले मेदाम्ल लगेच ऋण आयनाच्या रूपात जाते आणि त्या आयनावर अल्कोहोलचा काही इलाज चालत नाही, म्हणून परतीचा रस्ता बंद होतो. मीठ घातले की साबण वेगळा होऊन वर येतो. तेल म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांचे संयुग आहे, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी सिद्ध केले. त्यांचा मेदांवरील ग्रंथ 1823 मध्ये प्रसिद्ध झाला.

एक ग्रॅम तेलाच्या साबणीकरणाला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, त्या आकड्याला साबणीकरण मूल्य म्हणतात. शेंगदाणा तेलाचे मूल्य साधारण 188 ते 196, खोबरेलाचे 250च्या वर. लॉरिक आम्ल आखूड असल्याने खोबरेलाचा रेणू हलका असतो, त्यामुळे एका ग्रॅममध्ये जास्त रेणू आणि म्हणून जास्त एस्टर बंध येतात. खोबरेलात दुसरे तेल मिसळल्याचा संशय आला की प्रयोगशाळा आधी हा आकडा काढते.

इतर एस्टर : ॲस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्लाच्या हायड्रॉक्सिल गटाचे एथेनॉइक आम्लाशी झालेले एस्टर. हवेतल्या दमटपणाने त्याचे जलीय अपघटन होते. जुन्या पाकिटाला व्हिनेगरचा वास आला तर गोळ्या टाकून द्याव्यात. कार्बनी आम्लच हवे असेही नाही. ग्लिसरॉल आणि नायट्रिक आम्लाचे एस्टर म्हणजे नायट्रोग्लिसरीन, ज्यापासून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट केले. हृदयविकाराच्या रुग्णाच्या खिशात असणारी सॉर्बिट्रेटची गोळीही नायट्रिक आम्लाचेच एस्टर असते. तेलावर मिथेनॉलची अभिक्रिया केली तर ग्लिसरॉलच्या जागी मिथेनॉल येते आणि मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, मिळते. तळणीचे वापरलेले तेलही त्याला चालते.

दोन टोकांना दोन आम्लगट असलेले टेरेप्थॅलिक आम्ल आणि दोन टोकांना दोन हायड्रॉक्सिल गट असलेले एथेन-1,2-डायॉल यांचे एस्टरीभवन एका रेणूवर थांबत नाही. साखळी वाढत जाते आणि पॉलिएस्टर हे संघनन बहुवारिक तयार होते. ब्रिटनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी 1941 मध्ये त्याचा धागा काढला. पाण्याची पारदर्शक बाटली याच बहुवारिकाची, पेटची, असते. तिच्या साखळीत जागोजागी एस्टर बंध असल्याने मिथेनॉलने किंवा डायॉलने ते तोडून मूळ द्रव्ये परत मिळवता येतात. पॉलिथिनच्या पिशवीच्या साखळीत फक्त कार्बन-कार्बन बंध असतात. तिला ही पद्धत लागू पडत नाही.