तळटीप १७ : दुधातील प्रथिनांचे मोजमाप

येथे मोजमाप आहे ते प्रथिनांच्या टक्केवारीचे नव्हे, एकेका रेणूच्या आकारमानाचे आणि घडणीचे. स्वीडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ स्वेडबर्ग यांनी १९२०च्या दशकात अल्ट्रासेंट्रिफ्यूज हे यंत्र उभारले. त्यात द्रावण प्रचंड वेगाने फिरवले की जड रेणू तळाकडे सरकतात. मात्र रेणू सरकण्याचा वेग नुसत्या वजनावर ठरत नाही. तेवढ्याच वजनाचा लांबोडका रेणू गोल रेणूपेक्षा पाण्यात जास्त अडतो. म्हणून रेणू आपसूक किती भरभर पसरतात हेही मोजावे लागते. दोन्ही आकडे जुळवले की वजन कळते, आकाराचाही अंदाज येतो. निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाचा रेणुभार साधारण १८,०००. ताज्या दुधात हे रेणू बहुधा जोडीने असतात. केसीन या दुसऱ्या प्रथिनाची तऱ्हा वेगळी. त्याचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटसह एकत्र येऊन साधारण ५० ते ५०० नॅनोमीटरचे पुंजके बनतात.

हे पुंजके नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची खूण दिसते. वाचकाने साय काढलेल्या दुधाचे चार थेंब पेलाभर पाण्यात टाकून अंधारात बॅटरी मारून पाहावे: बाजूने निळसर झाक, आरपार पिवळसर-तांबूस. अशाच विखुरलेल्या प्रकाशावरून प्रयोगशाळेत पुंजक्यांचे माप घेतात.

आपल्याकडे १९३०च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दुधातील प्रथिनांवर काम केले ते कमला भागवत, म्हणजे नंतरच्या डॉ. कमला सोहोनी यांनी. मूळ मजकुरात त्यांचे नाव यायलाच हवे होते.