बॉनेटखालची पोथी

मोटारीतल्या रिलेवर चार आकडे कोरलेले असतात : 30, 85, 86 आणि 87. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजातला वायरमन ते पाढ्यासारखे म्हणून दाखवील. 30 वर बॅटरीची थेट तार, 85 आणि 86 ही आतल्या कॉइलची दोन टोके, आणि 87 वरून प्रवाह पुढे दिव्याकडे किंवा पंपाकडे. हे आकडे जर्मनीच्या डीआयएन 72552 या मानकातले. त्याच मानकात किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी तार 15 आणि अर्थची 31. ब्रिटिश गाड्यांनी हेच काम रंगांवर सोपवले : बॅटरीची थेट तार तपकिरी, इग्निशनची पांढरी, अर्थची काळी. म्हणजे बॉनेट उघडल्यावर गुंता वाटणाऱ्या त्या जुडग्याला एक लिपी आहे. ती शिकली की जुडगा वाचता येतो.

वाचता येतो, तर संपादित करता येतो का? रस्त्यावरची जुनी गाडी केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी घेणारे लोक नेमके हेच करू पाहतात. एसी काढला, पॉवर स्टिअरिंग काढले. मग त्यांच्या तारा कशाला ठेवायच्या? यात वजन वाचते ते थोडेच. खरा लाभ वेगळा आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात बिघाड शोधायचा असेल, तर तारा मोजक्या असलेल्या बऱ्या. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टजवळून जाणारी प्रत्येक जास्तीची तार म्हणजे आगीला एक निमंत्रण. पण काय कापायचे हे ठरवण्याआधी ती तार तिथे कधी आली आणि कोणासाठी आली, हे ठाऊक हवे. हा प्रश्न इतिहासाचा आहे.

सुरुवातीला तारा जवळजवळ नव्हत्याच. 1908 च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये बॅटरी नव्हती. फ्लायव्हीलवर बसवलेल्या लोहचुंबकांतून वीज निघे आणि लाकडी पेटीतल्या चार कॉइल ठिणगी पुरवत. 1912 मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅकवर आला. हाताने हँडल मारण्याचा त्रास आणि धोका संपला. पण स्टार्टरला बॅटरी हवी, बॅटरीला डायनॅमो हवा, डायनॅमोला नियंत्रण हवे. हा तारांचा पहिला थर. पुढची अर्धी शतकभर त्यात भर पडली ती मुख्यतः दिवे, वायपर आणि हॉर्न यांची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट 1100, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, याच थरातली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट गाड्या शर्यतीत उतरत, तेव्हा इंजिनाला लागणारी वीज म्हणजे कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि चार प्लग. वगळण्यासारखे फारसे नव्हतेच.

दुसरा थर कायद्याने आणला. कॅलिफोर्नियातल्या धुराच्या प्रश्नामुळे अमेरिकेत उत्सर्जनाचे नियम कडक झाले, आणि 1967 मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली फोक्सवॅगनवर आली. 1979 मध्ये बॉशच्याच मोट्रॉनिकने इंधन आणि ठिणगी दोन्ही एका संगणकाच्या हाती दिली. 1996 पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना ओबीडी-2 सक्तीचे झाले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढे आणखी एक ऑक्सिजन सेन्सर आला. त्याचे मुख्य काम कन्व्हर्टर नीट चालतो का, याची साक्ष देणे. आपल्याकडे हाच थर 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी दिलेल्या युरो मानकांच्या आदेशानंतर वेगाने पसरला आणि कार्ब्युरेटर मागे पडला.

या दोन थरांच्या सीमेवर उभी असलेली गाडी म्हणजे 1989 ची माझदा एमएक्स-5. हौशी शर्यतींत ती जगभर दिसते, म्हणून तारा कमी करण्याचे प्रयोगही तिच्यावर पुष्कळ होतात. तिच्या उघडझाप करणाऱ्या हेडलॅम्पच्या मोटारी, एसीचा पंखा, त्यांचे रिले हे सारे निर्धास्त वगळता येते. पॉवर स्टिअरिंगचा स्विच संगणकाला फक्त एवढेच सांगतो की इंजिनावर भार आला आहे, संथ गती थोडी वाढव. स्टिअरिंगचा पंपच नसेल तर हा निरोपही नको. पण तिच्या 1.6 लिटर इंजिनाच्या हवामापकात, म्हणजे आत जाणाऱ्या हवेने ढकलल्या जाणाऱ्या झडपेच्या पेटीत, एक छोटा स्विच दडलेला आहे. इंजिन चालू होऊन हवा ओढू लागले की हा स्विच इंधनाचा पंप चालू ठेवतो. अपघातात इंजिन बंद पडले की झडप मिटते आणि पंप थांबतो. हवामापक काढून त्या जागी दुसरा सेन्सर लावणारा माणूस पंप चालेना म्हणून त्याला थेट वीज जोडून देतो. गाडी झकास पळते. मात्र उलटलेल्या गाडीत, फुटलेल्या नळीतून पेट्रोल सोडत राहणारा पंपही त्याने त्याच दुपारी तयार केलेला असतो.

असाच फसवा भाग मुख्य स्विचचा. नुसती बॅटरी तोडली तर चालते इंजिन बंद पडेलच असे नाही. आल्टरनेटर त्याला वीज देत राहू शकतो. म्हणून शर्यतीच्या नियमांना असा स्विच हवा असतो, जो सगळे मंडल तोडून इंजिनही थांबवील. बाहेरून मदतीला धावणाऱ्याला तो सापडावा म्हणून त्याची खूण ठरलेली आहे : पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज. सगळ्या तारा कमी करून झाल्यावर ही एक जोडणी मात्र नव्याने वाढवावी लागते.

तिसऱ्या थराने तर कात्रीच बोथट केली. 1986 मध्ये बॉशने डेट्रॉइटला कॅन ही पद्धत मांडली. परस्परांना पीळ दिलेल्या दोन तारांवरून गाडीतले सगळे संगणक बोलतात. ज्या कामाला पूर्वी डझनभर तारा लागत, ते दोन तारांत भागले. म्हणजे सुलभीकरण कारखान्यानेच करून ठेवले. इथे एक तार म्हणजे एक काम हे जुने समीकरण मोडले. नकोसा संगणक काढला, की उरलेले त्याची वाट पाहत तक्रार करत राहतात.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले, ते 1966 मध्ये पूर्ण झाले. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो श्लोक मुख्य पाठातून वगळले, पण फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते जसेच्या तसे ठेवले. तारा काढणाऱ्या शहाण्या कारागिराची रीतही तीच. कापण्याआधी तो प्रत्येक तार दोन्ही टोकांपर्यंत शोधतो, चिठ्ठी लावतो, रंग आणि पिन क्रमांक वहीत उतरवतो, मगच एकेक काढतो आणि दर वेळी इंजिन सुरू करून पाहतो. नव्या जोडावर तो शिसे ओतत नाही, क्रिंप करतो. कारण शिसे तारेत झिरपून तिला कडक करते आणि थरथरीने ती तिथेच तुटते.

फरक एकच, पण मोठा. पोथीतला प्रक्षेप वगळण्यात चूक झाली तर पुढचा संशोधक ती दुरुस्त करतो. इथे चुकीची किंमत आत बसलेला माणूस मोजतो, आणि तार कापणारा दर वेळी तोच असतो असे नाही. म्हणून ती वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जायला हवी.