रोमन घरातील लाल भिंत: हिंगूळ, गेरू आणि ज्वालामुखी

१/ रोममधील अव्हेन्टाईन टेकडीवर फाबेरियस नावाच्या लेखनिकाचे घर होते. खांबांच्या ओसरीने वेढलेल्या आतल्या चौकाच्या साऱ्या भिंती त्याने हौसेने गडद लाल रंगवून घेतल्या. तीसच दिवसांत त्या विद्रूप झाल्या. शेवटी त्याला दुसरे रंग लावून घ्यावे लागले.

२/ ही फजिती वास्तुकार व्हिट्रुव्हियसने इ.स.पूर्व पहिल्या शतकातील आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. तो रंग म्हणजे हिंगूळ. रोमन लोक त्याला मिनियम म्हणत; पुढे हेच नाव शेंदराला चिकटले, म्हणून वाचताना गल्लत होते.

३/ हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. रोमला तो मुख्यतः स्पेनमधील सिसापोच्या खाणींतून मिळे. आजच्या अल्मादेनचा हा परिसर. थोरला प्लिनी सांगतो की कच्चे खनिज मोहोरबंद करून रोमला येई, वर्षाला सुमारे २,००० पौंड.

४/ प्लिनीच्याच नोंदीनुसार एका पौंडाला ७० सेस्टर्सपेक्षा अधिक दर घेण्यास कायद्याने बंदी होती. त्या काळी पायदळातील सैनिकाचा वार्षिक पगार ९०० सेस्टर्स. म्हणजे वर्षभराच्या पगारात जेमतेम चार किलो रंग!

५/ म्हणून हा रंग घरमालक स्वतः आणून देई. तरीही चोरी होईच. चित्रकार कुंचला रंगाने गच्च भरत आणि वारंवार पाण्यात धूत. जड हिंगूळ तळाशी बसे आणि काम संपल्यावर तो गाळ चित्रकाराचा होई.

६/ ज्यांना हे परवडत नसे त्यांच्यासाठी गेरू होता: स्वस्त, टिकाऊ, उन्हाला न भिणारा. भिंतीवर हिंगूळ आहे की गेरू, यावरून यजमानाची ऐपत कळे. भेसळ अर्थातच चाले. व्हिट्रुव्हियसची कसोटी अशी: रंग लोखंडी पत्र्यावर तापवा, काळा पडून थंड झाल्यावर पुन्हा लाल झाला, तर अस्सल.

७/ मग फाबेरियसचे चुकले काय? हिंगूळ प्रकाशात काळवंडतो. बंद दालनात तो टिकतो, उघड्या चौकात नाही. उपायही ठाऊक होता: भिंत वाळल्यावर वितळलेल्या मेणात थोडे तेल घालून लेप द्यायचा, निखाऱ्यांनी शेकायचा आणि स्वच्छ कापडाने घासायचा.

८/ आज रंगांच्या दुनियेत गडद लाल छटेला ‘पॉम्पेई लाल’ म्हणतात. पण इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा तेथील काही भिंती मुळात पिवळ्या होत्या! पिवळी माती तापली की तिच्यातील पाणी निघून जाते आणि ती लाल होते. त्या भिंती ज्वालामुखीच्या उष्णतेने रंगवल्या. प्लिनीही त्याच उद्रेकात मृत्यू पावला.

९/ त्याच प्लिनीने जाता जाता आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. कारखान्यांत हिंगूळ तयार करणारे लोक त्याची घातक धूळ श्वासात जाऊ नये म्हणून तोंडावर जनावरांच्या मूत्राशयाचे सैल मुखवटे बांधत. हे विष आहे, हे रोमला ठाऊक होते. तरीही दिवाणखाने लाल होत राहिले. भिंत बिघडली म्हणून फाबेरियसचे नाव इतिहासात उरले; मुखवट्यांआडच्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव प्लिनीने दिलेले नाही.