काळे, सारिका

काळे, सारिका सुधाकर : भारतीय खो-खोपटू, भारतीय महिला खो-खो संघाच्या माजी कर्णधार आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्या महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या. २०१६ साली आसाम व मेघालय या राज्यांत भरलेल्या बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. एका देशी मैदानी खेळात ग्रामीण भागातील मुलगी आंतरराष्ट्रीय यशापर्यंत कशी पोहोचते, आणि तेथे पोहोचल्यावरही उदरनिर्वाहाचा प्रश्न तिच्यापुढे कसा उभा राहतो, या दोन्ही दृष्टींनी त्यांची कारकीर्द अभ्यसनीय आहे.

खेळाची पार्श्वभूमी : खो-खो हा महाराष्ट्रात पूर्वापार खेळला जाणारा पाठशिवणीचा खेळ असला, तरी त्याला नियमबद्ध स्वरूप विसाव्या शतकाच्या आरंभी लाभले. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नेमलेल्या समितीने त्याचे पहिले नियम तयार केले. पुढे १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली प्रसिद्ध केली. १९२८ साली स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने निरनिराळ्या पद्धतींत एकसूत्रीपणा आणण्याचे काम केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९–६० मध्ये विजयवाडा येथे सुरू झाल्या व पुढच्याच वर्षी कोल्हापूर येथील स्पर्धेपासून महिलांनाही त्यांत स्थान मिळाले. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूस एकलव्य, तर महिला खेळाडूस राणी लक्ष्मीबाई पुरस्कार देण्याची प्रथा पडली. १९८२ मध्ये नवी दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोचे प्रात्यक्षिक झाले. तथापि पदकांच्या खेळांत त्याचा समावेश झाला नाही.

या खेळाला लागणारी साधने अत्यल्प असतात. आखलेले मैदान व त्याच्या दोन टोकांना रोवलेले खांब एवढ्यावर सामना उभा राहतो. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ गडी मध्यरेषेवरील चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा गडी पाठलाग करतो. त्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही व एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत गेल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणून तो बसलेल्या गड्यास ‘खो’ देऊन पाठलाग त्याच्या स्वाधीन करतो. संरक्षण करणाऱ्या संघाचे तीन-तीन गडी तुकड्यांनी मैदानात उतरतात. त्यांना मात्र कोणत्याही दिशेने पळण्याची, बसलेल्या गड्यांमधून वाट काढण्याची मोकळीक असते. पारंपरिक नियमांनुसार आक्रमणाची एक पाळी नऊ मिनिटांची असते. वेगाबरोबरच हुलकावणी, सूर मारण्याचे कौशल्य, खांबाजवळील चपळाई व सहकाऱ्यांशी मेळ यांची येथे कसोटी लागते. मोठा खर्च नसल्यामुळे हा खेळ गावोगावच्या शाळांच्या पटांगणांत रुजला, आणि खर्च करणे ज्यांना शक्य नव्हते अशा घरांतील मुला-मुलींसाठी त्याचे दार उघडे राहिले.

प्रदेश : धाराशिव जिल्हा मराठवाड्याच्या नैर्ऋत्य भागात असून १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. पुणे, बडोदे, अमरावती येथील व्यायामसंस्थांच्या आश्रयाने नियमबद्ध खो-खो वाढत होता, त्या काळात हा प्रदेश दुसऱ्या राजवटीखाली होता. जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण असून शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असते. २०१५–१६ मध्ये मराठवाड्यात तीव्र दुष्काळ पडला आणि शेजारच्या लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा प्रदेशात मुलींच्या खेळासाठी वेळ, आहार व प्रवासखर्च यांची तजवीज करणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. तरीही जिल्ह्याने विशेषतः महिला खो-खोत आपले स्थान निर्माण केले. यात प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कार्याचा वाटा मोठा आहे.

कारकीर्द : सारिका काळे यांनी वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास खो-खो खेळण्यास सुरुवात केली. घरची परिस्थिती अत्यंत बिकट होती. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे पुरेसे अर्थार्जन करता येत नव्हते; आई शिवणकाम व इतर कामे करून संसार चालवीत असे. अनेक वर्षे कुटुंबाला दिवसातून एका जेवणावर भागवावे लागले. ज्या खेळात शरीराची झीज मोठी असते व वेगाला पोषणाची जोड अनिवार्य असते, त्या खेळाचा सराव त्यांनी या स्थितीत चालू ठेवला. बाहेरगावच्या सराव-शिबिरांत खेळाडूंना मिळणारा आहार हादेखील त्यांच्या दृष्टीने खेळाचा एक मोठा आधार होता.

जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी महाराष्ट्राच्या संघात व पुढे भारतीय संघात स्थान मिळविले. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी व शिलाँग येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोचा समावेश पदकांच्या खेळांत करण्यात आला. भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी सुवर्णपदके जिंकली; त्यांपैकी महिला संघाचे नेतृत्व काळे यांच्याकडे होते. त्याच वर्षी इंदूर येथे तिसरी आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. या मालिकेतील पहिली स्पर्धा १९९६ मध्ये कोलकाता येथे व दुसरी २००० मध्ये ढाका येथे झाली होती. म्हणजे तिसऱ्या स्पर्धेसाठी सोळा वर्षांचा काळ जावा लागला. अनेक उत्तम खेळाडूंची उमेदीची वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यावाचून याच काळात सरून गेली. काळे यांच्या पिढीला ती संधी मिळाली, आणि ती मिळाली तेव्हा खेळाचे मैदानही बदलत होते. मातीऐवजी मॅटवर, बंदिस्त क्रीडागृहात सामने होऊ लागले होते. मातीत घडलेल्या खेळाडूंना पळतीचा, वळणाचा व सूर मारण्याचा अंदाज त्यामुळे नव्याने बसवावा लागला.

बाह्यतः हा त्यांच्या यशाचा काळ होता. तथापि २०१६ च्याच सुमारास आर्थिक विवंचनेमुळे त्या मानसिक दृष्ट्या खचल्या होत्या व खेळ सोडून देण्याचा निर्णय त्यांनी जवळजवळ घेतला होता. देशासाठी मिळविलेले सुवर्णपदक घरची चूल पेटती ठेवू शकत नव्हते. प्रशिक्षकांनी समजूत घातल्यानंतर त्या पुन्हा मैदानावर आल्या. खेळाडूच्या चरित्रातील हा प्रसंग केवळ वैयक्तिक मानता येत नाही. देशी खेळांच्या एकूण व्यवस्थेवरच त्यामुळे प्रकाश पडतो.

व्यावसायिकतेचा प्रश्न : या संदर्भात पाश्चात्त्य देशांत वाढलेल्या सांघिक खेळांशी तुलना उद्बोधक ठरेल. बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ यांनी शोधून काढला. म्हणजे खो-खोचे पहिले नियम त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी तयार झाले. परंतु बास्केटबॉल शाळा, क्लब व व्यावसायिक लीग अशा पायऱ्यांनी जगभर पसरला आणि त्यात पुरुषांच्या मागोमाग स्त्रियांनाही उपजीविकेचे साधन मिळाले. पोलंडच्या मालगोझाटा डिडेक (१९७४–२०११) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे २ मी. १८ सेंमी. उंचीच्या या खेळाडूची १९९८ मध्ये अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगसाठी यूटा संघाने सर्वप्रथम निवड केली. दुसऱ्याच वर्षी पोलंडच्या महिला संघाने मायदेशी झालेली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, त्यातही डिडेक यांचा सहभाग होता. राष्ट्रीय संघासाठी खेळताना त्यांना क्लबच्या कराराचे पाठबळ होते. खेळ हाच त्यांचा व्यवसाय होता. खो-खोपटूस असे पाठबळ दीर्घकाळ मिळाले नाही. रेल्वे, बँका, पोलीस दल यांसारख्या आस्थापनांतील नोकरी हाच त्याचा आधार राहिला, आणि ती मिळेपर्यंतची वर्षे कुटुंबाच्या भरवशावर काढावी लागली.

महाराष्ट्र शासनाने प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण ठेवले. काळे यांची तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि त्यांच्या चरितार्थाचा प्रश्न सुटला. तुळजापूर हे भवानीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले तीर्थक्षेत्र. याच तालुक्यात सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग व अणदूर ही गावे आहेत. खंडोबाची मूर्ती वर्षातील काही काळ नळदुर्ग येथे व उरलेला काळ अणदूर येथे नेण्याची परंपरा असल्याने ही दोन्ही गावे एकमेकांशी निगडित आहेत. अशा गावांतील शाळांच्या स्पर्धा, क्रीडांगणे व क्रीडाविषयक शासकीय योजना यांचा संबंध तालुका क्रीडा अधिकाऱ्याच्या कामाशी येतो. ज्या पटांगणांतून खेळाडू घडतात, त्यांच्याच व्यवस्थेची जबाबदारी अशा प्रकारे एका आंतरराष्ट्रीय खेळाडूकडे आली.

सन्मान : २०२० मध्ये भारत सरकारने सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार जाहीर केला. त्या वर्षी कोविड साथीमुळे २९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडादिनी हा समारंभ दूरसंपर्क माध्यमाद्वारे पार पडला. खो-खोतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७० चा. तो सुधीर परब यांना मिळाला. त्यानंतरच्या दीड दशकात श्रीरंग इनामदार, उषा नगरकर (दोघांना १९७५ चा) यांच्यासारख्या महाराष्ट्राच्या खेळाडूंसह अनेकांचा गौरव झाला. पुढे मात्र हा ओघ आटला. १९९८ चा पुरस्कार शोभा नारायण यांना मिळाल्यानंतर बावीस वर्षे एकाही खो-खोपटूची निवड झाली नाही. काळे यांच्या निवडीने हा खंड संपला. २०२३ च्या पुरस्कारासाठी नसरीन शेख यांची निवड झाली.

उत्तरकाल : २०२२ मध्ये पुण्याजवळील बालेवाडी येथे ‘अल्टिमेट खो-खो’ ही सहा संघांची व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या पर्वात ओडिशा संघाने तेलुगू योद्धाज संघावर एका गुणाने मात केली. दुसरे पर्व २०२३–२४ मध्ये कटक येथे झाले व त्यात गुजरात संघ विजयी ठरला. खो-खोपटूला खेळातूनच मानधन मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. परंतु ही दोन्ही पर्वे पुरुषांपुरतीच होती. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. तिच्या अंतिम फेरीत भारताच्या महिला संघाने महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. पुरुष संघाचे कर्णधारपदही महाराष्ट्राच्याच प्रतीक वाईकर यांच्याकडे होते व त्यानेही नेपाळलाच नमवून विजेतेपद मिळविले.

मूल्यमापन : काळे यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द खो-खोच्या इतिहासातील एका संधिकालात येते. त्यांच्या आधीच्या पिढीला राष्ट्रीय स्पर्धांपलीकडे फारसे क्षितिज नव्हते. नंतरच्या पिढीला विश्वचषक लाभला. या दोहोंच्या दरम्यान दक्षिण आशियाई सुवर्णपदक व दोन तपांच्या जवळ आलेल्या खंडानंतरचा अर्जुन पुरस्कार यांनी महिला खो-खोकडे देशाचे लक्ष वेधले. मात्र त्यांना स्थैर्य मिळाले ते शासकीय नोकरीमुळे, खेळाच्या उत्पन्नामुळे नव्हे. आणि नोकरी मिळण्याआधीच मैदान सोडणाऱ्या मुलींची नोंद कोणत्याही विजेत्यांच्या यादीत होत नाही. मैदान आखण्यास खर्च थोडा येतो, म्हणून खो-खो खेड्यापाड्यांत पोहोचला. त्या मैदानावर खेळाडू टिकवून धरण्याचा खर्च कोणी उचलावयाचा, हा काळे यांच्या कारकीर्दीने पुढे आणलेला प्रश्न आहे.